शाळेतल्या बर्नरवर ज्याचं नाव आहे, त्या बुन्सेनने आर्सेनिकपायी एक डोळा गमावला होता

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला कळंबचा समुद्रकिनारा आहे. तिथलं बाटलीभर पाणी घरी आणा, ताटलीत उन्हात ठेवा. पाणी उडून जाईल आणि खाली मिठाचा पांढरा थर उरेल. त्यातली एक कणी चिमट्यात धरून गॅसच्या निळ्या ज्योतीत न्या. ज्योत झटकन पिवळीधमक होते.

भात उतू गेला की गॅस पिवळा पडतो, तोही याचमुळे. भातात मीठ असतं, मिठात सोडियम असतं आणि सोडियम तापला की तो एका ठरावीक पिवळ्या रंगाचाच प्रकाश देतो.

आता ही गोष्ट दहावीच्या पोरालाही माहीत आहे. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने या पिवळ्या रंगाचा असा काही पिच्छा पुरवला, की त्यातून दोन नवी मूलद्रव्यं सापडली आणि नऊ कोटी मैलांवरचा सूर्य कशाचा बनलाय हे जमिनीवर बसून सांगता यायला लागलं.

त्या माणसाचं नाव रॉबर्ट विल्हेल्म बुन्सेन. शाळेच्या प्रयोगशाळेतला बन्सन बर्नर तो हाच.

गंमत म्हणजे बर्नर हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम म्हणावं लागेल. आणि ज्या कामाने तो तरुणपणी युरोपभर गाजला, त्या कामाने त्याचा जीव जवळपास घेतलाच होता.

तर सुरुवातीपासून बघू.

बुन्सेनचा जन्म १८११ सालच्या मार्च महिन्यातला, जर्मनीतल्या गटिंगेन गावचा. वडील तिथल्याच विद्यापीठात ग्रंथपाल आणि भाषांचे प्राध्यापक. चार भावांत हा धाकटा. घरात पुस्तकं होती, गावात विद्यापीठ होतं, त्यामुळे शिक्षणाची आबाळ झाली नाही. कॅडमियम शोधून काढणारे स्ट्रोमायर हे त्याचे गुरू. १८३१ साली, विशीच्या उंबरठ्यावर, गडी डॉक्टरेट घेऊन मोकळा झाला. मग दीडेक वर्ष त्याने पायपीट केली. लीबिग, गे-ल्युसॅक अशा त्या काळच्या दादा लोकांच्या प्रयोगशाळा पाहिल्या, कारखाने पाहिले, खाणी पाहिल्या.

परत आल्यावर त्याने हात घातला तो थेट सोमलाला.

सोमल म्हणजे आर्सेनिकचं ऑक्साईड. पांढरी पूड, चव नाही, वास नाही. आपल्याकडच्या जुन्या गोष्टींत राजाच्या दुधात कालवलं जातं ते हेच विष. युरोपातही तेव्हा वारशासाठी म्हाताऱ्या नातेवाइकांना सोमल देण्याची प्रकरणं वरचेवर कोर्टात यायची. १८३४ साली बुन्सेनने बेर्टहोल्ड नावाच्या डॉक्टरासोबत दाखवून दिलं, की लोखंडाचं ताजं तयार केलेलं ओलसर ऑक्साईड पोटात दिलं तर ते सोमलाला धरून ठेवतं आणि विष अंगात भिनत नाही. म्हणजे उतारा सापडला.

हा उतारा पुढे खुद्द बुन्सेनलाच वाचवायला कामी आला असं सांगतात. कारण यानंतर त्याने जे काम हाती घेतलं, ते करायला शहाणा माणूस धजावला नसता.

त्याची पार्श्वभूमी अशी. १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये काडे नावाचा एक औषधशास्त्रज्ञ न दिसणारी शाई बनवायच्या खटपटीत होता. त्याने सोमल आणि पोटॅशियमचं अ‍ॅसिटेट एकत्र करून तापवलं. भांड्यातून एक धुरकट द्रव बाहेर आला. हवेत आला की धूर सोडायचा, कधी आपोआप पेट घ्यायचा आणि वास असा की लोक खोली सोडून पळायचे. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं या द्रवाच्या खोलात कुणी शिरलं नाही.

बुन्सेन शिरला. तेव्हा तो कासेलच्या तंत्रशाळेत शिकवत होता, नंतर मारबुर्ग विद्यापीठात गेला. १८३७ पासून पाच-सहा वर्षं त्याने या द्रवाचे धागे सुटे केले. त्यात आर्सेनिकच्या अणूला कार्बनचे दोन छोटे गट चिकटलेले होते. आज अशा पदार्थांना सेंद्रिय धातू-संयुगं म्हणतात आणि त्याची अख्खी शाखा आहे. तेव्हा हे नावही नव्हतं. बर्झेलियस या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने घाण वासाच्या ग्रीक शब्दावरून या गटाला नाव दिलं, काकोडिल.

वासाबद्दल बुन्सेनने स्वतः लिहून ठेवलंय. वास घेतला की हातापायाला मुंग्या येतात, गरगरतं, शुद्ध हरपते आणि जिभेवर काळा थर चढतो. तो लांब नळीचं एक टोक तोंडात आणि दुसरं टोक खिडकीबाहेर ठेवून श्वास घेत काम करायचा.

आणि मग काकोडिल सायनाईडचा स्फोट झाला. म्हणजे आर्सेनिक आणि सायनाईड दोन्ही एकाच रेणूत. तोंडावर काचेचा मुखवटा होता, तो फुटला. काचेचा तुकडा उजव्या डोळ्यात घुसला आणि त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. विष अंगात भिनलं ते वेगळंच. कित्येक दिवस तो मरणाच्या दारात पडून होता.

बरा झाला आणि पुन्हा त्याच कामाला लागला. याला जिद्द म्हणायचं की वेड, हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्याला नेमकं सिद्ध काय करायचं होतं?

त्या काळच्या रसायनशास्त्रात एक मोठा वाद होता. लीबिग वगैरे मंडळींचं म्हणणं असं, की काही अणूंचे गट एकगठ्ठा वागतात. एका संयुगातून दुसऱ्यात जातात पण फुटत नाहीत, जणू ते स्वतःच एक मूलद्रव्य. अशा गटाला त्यांनी मूलक म्हटलं. प्रश्न एवढाच होता, की असा गट एकटा, मोकळा कुणी पाहिलाय का? बुन्सेनने काकोडिलचं ऑक्साईड केलं, क्लोराईड केलं, आयोडाईड केलं. प्रत्येकात तोच गट जसाच्या तसा. शेवटी क्लोराईडवर जस्ताचा प्रयोग करून त्याने तो गट मोकळा करून दाखवला. बर्झेलियस खूश झाला. मूलक सापडला!

पण तो मोकळा नव्हताच.

पुढे रेणूंचं वजन नीट काढता यायला लागल्यावर कळलं, की बुन्सेनच्या बाटलीत काकोडिलची जोडी होती. एक आर्सेनिक मोकळा झाला रे झाला, की तो समोरच्या मोकळ्या आर्सेनिकचा हात धरून मोकळा होत होता. म्हणजे बुन्सेनचं निरीक्षण बरोबर, हातातला पदार्थही खरा, फक्त त्याचा अर्थ चुकला.

ही चूक दुरुस्त व्हायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली आणि ती झाली गर्दीमुळे.

गर्दी कशी, तर विरार लोकल आठवा. दोन मित्र समोरासमोर उभे आहेत, दोघांना हात मिळवायचाय. डबा मोकळा असेल तर काहीच अडचण नाही. पण दोघांच्याही पाठीवर आणि पोटावर मोठाल्या सॅक असतील तर? एकमेकांजवळ जाताच येत नाही. आर्सेनिकचं तेच आहे. बुन्सेनच्या काकोडिलमध्ये आर्सेनिकला चिकटलेले गट अगदी लहान होते, म्हणून दोन आर्सेनिक सहज जवळ आले. १९७६ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात मायकेल लॅपर्ट यांच्या गटाने आर्सेनिकवर सिलिकॉनचे अवाढव्य गट लादले. त्या गर्दीमुळे दोन आर्सेनिक धड जोडलेच जाईनात आणि खराखुरा मोकळा मूलक हाती लागला. त्याच्यावर एक एकटा इलेक्ट्रॉन आहे हे चुंबकीय क्षेत्रातल्या वर्णपटाने दाखवून दिलं.

पुढे २००० च्या आसपास आणखी मजेशीर गोष्ट कळली. असे रेणू घन अवस्थेत जोडीने राहतात, पण तेव्हा त्यांचे अवजड गट दाबलेल्या स्प्रिंगसारखे मुडपलेले असतात. वाफ केली की बंध तुटतो आणि गट फटकन उलगडतात. डबी उघडल्यावर आतून बाहुला उसळतो ते खेळणं असतं ना, शास्त्रज्ञांनी या रेणूंना त्याचंच नाव दिलं.

गर्दीचा हाच हिशेब एका प्रसिद्ध औषधालाही लागू होतो. १९१० साली पॉल एर्लिकचं साल्व्हरसान बाजारात आलं. गरमी म्हणजे सिफिलिसवरचं ते पहिलं परिणामकारक रासायनिक औषध आणि तेही आर्सेनिकचंच. अनेक दशकं पुस्तकांत छापलं गेलं, की त्यात दोन आर्सेनिक दुहेरी बंधाने जोडलेत. २००५ साली तपासणी झाली तेव्हा दिसलं, की तिथे तीन-तीन आणि पाच-पाच आर्सेनिकची कडी आहेत, सगळे बंध एकेरी. कारण तेच. भोवतीचे गट पुरेसे मोठे नसतील तर जड अणू दुहेरी बंधात टिकत नाहीत, ते एकमेकांना धरून कडी करतात. आर्सेनिकचा खरा दुहेरी बंध १९८३ साली मिळाला, तोही गर्दी करूनच.

असो. बुन्सेनकडे परत येऊ.

काकोडिलचं काम संपवून त्याने सेंद्रिय रसायनाला कायमचा रामराम ठोकला. या विषयाकडे तो पुन्हा वळला नाही. त्याच्या हाताखालचा फ्रँकलंड मात्र तोच धागा घेऊन पुढे गेला, त्याने जस्ताची सेंद्रिय संयुगं बनवली आणि प्रत्येक अणूला ठरावीकच हात असतात, म्हणजे संयुजा, ही कल्पना मांडली.

काकोडिल सायनाईडची एक काळी बाजूही आहे. क्रिमियाच्या युद्धात ते तोफगोळ्यांत भरून रशियनांवर टाकावं असा प्रस्ताव लायन प्लेफेअर या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने मांडला होता. ब्रिटिश लष्कराने तो फेटाळला. हाच प्लेफेअर काही वर्षांपूर्वी बुन्सेनसोबत इंग्लंडच्या लोखंडाच्या भट्ट्या तपासत होता. भट्टीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूंचे नमुने घेऊन त्यांनी दाखवलं होतं, की जळणातली सुमारे ऐंशी टक्के उष्णता वाया जाते. कारखानदारांना ते पटायला वेळ लागला.

१८४१ साली बुन्सेनने बॅटरीतल्या महागड्या प्लॅटिनमच्या जागी कार्बन वापरून ती स्वस्त केली. १८४६ साली आइसलंडला गेला, हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक होऊन फार दिवस झाले नव्हते. तिथे गरम पाण्याचे कारंजे उसळायच्या काही मिनिटं आधी त्याने थेट त्यांच्या नळीत थर्मामीटर सोडले. खोलवर पाण्यावर वरच्या पाण्याचा दाब असतो, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. कुकरमधल्यासारखंच. ते पाणी जरा वर ढकललं गेलं की दाब कमी होतो, एकदम वाफ होते आणि अख्खा खांब उसळतो. साधं वाटतं, पण त्याआधी याचं उत्तर कुणाकडे नीट नव्हतं.

१८५२ साली तो हायडेलबर्गला आला आणि मग तिथलाच झाला. बर्लिनहून बोलावणं आलं, तरी गेला नाही.

बर्नर इथलाच. १८५५ च्या सुमारास शहरात दगडी कोळशाचा गॅस आला होता, नवी प्रयोगशाळा बांधून होत होती. पण गॅसची ज्योत पिवळी, धुरकट, काजळी धरणारी. बुन्सेनला हवी होती उष्ण पण रंगहीन ज्योत. युक्ती अशी, की गॅस जळायच्या आधीच त्यात हवा मिसळायची. अशा तऱ्हेची जुळणी फॅरेडेने आधी केली होती. बुन्सेनने कल्पना सांगितली आणि विद्यापीठाचा कारागीर पेटर डेसागा याने ती घडवली. म्हणजे बर्नरवर खरं तर डेसागाचंही नाव हवं होतं. बुन्सेनने पेटंट घेतलं नाही, ज्याला हवं त्याने बनवावं असं त्याचं धोरण होतं. आपल्या स्वयंपाकघरातली शेगडी आजही याच तत्त्वावर चालते. हवा कमी पडली की भांड्याच्या बुडाला काजळी येते ती त्यामुळेच. हा पिवळेपणा काजळीचा, मिठाचा नाही. दोन्हीत गल्लत करू नये.

रंगहीन ज्योत मिळाल्यावर बुन्सेन तिच्यात एकेक क्षार धरून बघायला लागला. सोडियम पिवळा, पोटॅशियम जांभळा, स्ट्रॉन्शियम लाल. पण दोन-तीन क्षार एकत्र असले की रंगांचा गोंधळ व्हायचा. तो रंगीत काचा लावून रंग वेगळे करायच्या नादात होता.

त्याचा दोस्त होता गुस्टाफ किर्कहॉफ. वयाने तेरा वर्षं लहान, भौतिकशास्त्राचा माणूस. उंचापुरा बुन्सेन आणि चणीने लहान किर्कहॉफ ही जोडी हायडेलबर्गच्या रस्त्यांवर रोज फिरायला दिसायची. १८५९ साली किर्कहॉफने सुचवलं, की काचा कशाला, लोलकातूनच बघू ना.

मग दोघांनी एक सिगारची पेटी घेतली, जुन्या दुर्बिणींचे तुकडे घेतले, मध्ये लोलक बसवला. झाला वर्णपटदर्शक. लोलकातून ज्योत पाहिल्यावर रंगाच्या जागी रेषा दिसल्या आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. शंभर क्षार मिसळा, ज्याची रेषा त्याच्याच जागी.

हे किती तिखट आहे हे बघायला बुन्सेनने खोलीच्या एका कोपऱ्यात ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुधाच्या साखरेबरोबर उडवलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात ज्योतीकडे बघत बसला. काही मिनिटांत सोडियमची पिवळी रेषा उजळली. हिशेब केला तर ज्योतीत पोचलेलं सोडियम एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी होतं. समुद्राच्या वाऱ्यातून मीठ हवेत सगळीकडे असतं, त्यामुळे ही रेषा ज्योतीतून घालवणं हीच खरी पंचाईत आहे.

एक किस्सा नेहमी सांगितला जातो. एका रात्री दूर मानहाइम शहरात आग लागली. दोघांनी खिडकीतून यंत्र तिकडे वळवलं, तर आगीत बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या रेषा. दुसऱ्या दिवशी फिरताना विषय निघाला, की मैलोन्मैल लांबच्या आगीत काय जळतंय हे कळतं, तर सूर्यातलं का कळू नये? किर्कहॉफने सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांचं कोडं सोडवलंच होतं. सूर्यात सोडियम आहे, लोखंड आहे, हे सांगता आलं.

बुन्सेनला मात्र जमिनीवरचं काहीतरी खुणावत होतं. ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात त्याला दोन निळ्या रेषा दिसल्या. कुठल्याच माहीत मूलद्रव्याच्या त्या नव्हत्या. मग सुमारे ४४ टन पाणी आटवलं. त्यातून नव्या धातूचं क्लोराईड मिळालं जेमतेम ७ ग्रॅम. १८६० साली सीझियम जाहीर झालं, आकाशी निळ्या रंगावरून नाव. पुढच्या वर्षी लाल रेषांवरून रुबिडियम. रसायनशास्त्रज्ञाने आधी रंग पाहिला आणि मग पदार्थ शोधला, असं प्रथमच घडलं. आज जगभरातलं एका सेकंदाचं माप याच सीझियमच्या अणूवर ठरतं.

वर्णपटाचं हे वेड लवकरच आपल्याकडेही पोचलं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते यंत्र घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला तळ ठोकून बसला होता. पटवर्धनांचं संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात. तिकडे गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्यात एक पिवळी होती. ती सोडियमचीच असणार असं आधी वाटलं. ती तशी नव्हती, किंचित बाजूला होती. ती हेलियमची निघाली.

इथे एक खुलासा. १८६८ साली लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे मेसेज दरवर्षी फिरतात. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होता आणि त्याने ती रेषा ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. तो विजयदुर्गला आला हे खरं, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला वर्णपटदर्शक लावून बसले होते.

माणूस म्हणून बुन्सेन अवलिया होता. लग्न केलं नाही. कपड्यांकडे लक्ष नाही, अंगाला कायम रसायनांचा वास. एमिल फिशर या मोठ्या रसायनतज्ज्ञाच्या बायकोला म्हणे त्याचा मुका घ्यावासा वाटायचा, पण आधी त्याला आंघोळ घालून. काचा तापवून तापवून त्याची बोटं इतकी निबर झाली होती, की पोरं चिमटा शोधेपर्यंत हा तापलेलं भांडं हातानेच उचलायचा. एकदा तर कित्येक महिन्यांच्या कामाचा लिहून झालेला कागदांचा गठ्ठा जळाला. टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीने भिंगासारखं ऊन एकवटलं आणि कागद पेटले. सुरुवातीला तो खचला, मग बसून सगळं पुन्हा केलं.

मेंडेलिव्ह, लोथार मेयर, बायर, रॉस्को, हेल्महोल्ट्झच्या हायडेलबर्गात येणारी अशी कितीतरी पोरं त्याच्या प्रयोगशाळेतून गेली. त्याने तिथे सलग ७४ सत्रं शिकवलं आणि १८८९ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, निवृत्ती घेतली. किर्कहॉफ दोन वर्षांपूर्वीच गेला होता. म्हातारपणी बुन्सेन रसायन सोडून जुन्या आवडीकडे, दगड आणि डोंगरांकडे वळला. चालणं जमेना तेव्हा बग्गीतून टेकड्यांवर जायचा.

लॉकियर विजयदुर्गच्या तटावर ग्रहणाची वाट बघत होता, तेव्हा ८६ वर्षांचा बुन्सेन हायडेलबर्गला घरी होता. त्यानंतर दीड वर्षाने, १६ ऑगस्ट १८९९ रोजी, तो गेला. त्याला तिथल्याच डोंगरउतारावरच्या दफनभूमीत पुरलं.